शेरा

साळईटोल्याच्या होमस्टेचं रजिस्टर माझ्याकडे असतं.
नाव, गाव, माणसं किती, रात्री किती,
आणि शेवटच्या रकान्यात शेरा.
पुण्याचे लिहितात, वाघ दिसला नाही. पाटोडी छान.
रायपूरचे लिहितात, नेटवर्क नाही.
एकाने नुसता बेडूक काढला होता,
बाथरूममध्ये भेटलेला. चांगला काढला होता.

मी इमला सलामे, गेटवर गाईड, नंबर चौदा.
जिप्सीत मागे वळून बसते
आणि परक्यांना दाखवते आईची वाट.
ही अस्वलाची नखं, मी म्हणते, मोहाच्या खोडावर,
पण हे नाही सांगत की याच खोडाशी
टोपलीत निजवून मला
ती फुलं वेचायची, अंधार फिटायच्या आधी.
आता तिथं पाय टेकवायला मनाई आहे.
खाली उतरू नका,
दिवसातून वीसदा मीच म्हणते.

चैतात नागपूरच्या विमानतळावरून
एक बोलेरो आली, धुळीने पांढरी.
संस्थेचे कोठेकर सर, आणि एक बाई,
डोक्याला निळं फडकं, हातात
रामटेकच्या नाक्यावर घेतलेली संत्र्यांची जाळी.
नाव तशिलिद्झी. आम्ही तिसऱ्या खेपेला नीट म्हटलं.
दक्षिण आफ्रिकेतलं गाव, तेही जंगलाच्या कडेला,
तिच्याही घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या.
फुलवंताआत्या म्हणाली,
"एवढ्या दुरून वाघ पाह्याले आली काय वं?"

वाघ तिला नको होता.
ती समाजमंदिरात सतरंजीवर बसली
आणि विचारत राहिली.
ती दहा वाक्यं बोलायची, सर तीन सांगायचे.
पाणी कुठून येतं. चादरी कोण धुतं.
पोरं शिकून इथंच राहतात का.
आम्ही सांगत होतो, बोअरवेल, आम्हीच, नाही.

मग ती काहीतरी बोलली
आणि सर चहाकडे बघायला लागले.
तिने थोडी वाट पाहिली.
मग दोन बोटं हवेत धरली
आणि फिरवली, कट्‌,
कुलपात फिरवावी तशी.

सगळ्या बायकांनी खाली पाहिलं.
समितीची पेटी डोमाजीकडे,
किल्लीही डोमाजीकडे,
आणि डोमाजी कामासाठी नागपूरला,
तो नेहमीच कामासाठी नागपूरला असतो.
सात वर्षांत कोणत्याच पाहुण्याने
हे विचारलं नव्हतं.
आम्हीही नव्हतं.

रात्री आत्याने सुपात वाळला मोह आणला.
तिने मूठभर उचलून हुंगला, हसायलाच लागली.
म्हणाली, मरुला. त्यांच्याकडचं झाड,
फळं जमिनीवर पडतात, हत्ती येतात खायला,
आणि बायका दारू गाळतात.
झाडं कुंपणाच्या आत राहिली.
तिच्या आजीची मातीही आतच,
वर्षातून एकदा अर्ज करून जायचं.
हे सगळं सरांनी न गाळता सांगितलं,
तोवर त्यांनीही एक पेला घेतला होता.
आत्या म्हणाली, "हाव, माहीत हाय,"
जणू पलीकडच्या टोल्यावरची गोष्ट.

पुढच्या बैठकीत डोमाजी जमाखर्च वाचत होता,
लाकूड, रंग, लाकूड, इतर.
इतरवर आत्याने हात वर केला
आणि काही न बोलता
दोन बोटं फिरवली.
डोमाजी हसला.
मग त्याला दिसलं की तो एकटाच हसतोय.

त्याची किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.
पेटीला मात्र आता दुसरं कुलूप आहे,
आत्याच्या काळ्या पोतीत त्याची किल्ली अडकवलेली,
भाकरी थापताना ती परातीला लागते, वाजते.
इतर अजून आहे. थोडं कमी आहे.
बोअरवेल मे महिन्यात आटतेच.

रजिस्टरात तिचा शेरा आहे, चार ओळी,
तिच्या भाषेत. सरांनाही लागला नाही.
पाहुणे पानं उलटताना तिथं थांबतात,
विचारतात, ही कुठली भाषा?
मी म्हणते, शेजारच्या गावची.