शाईची रेघ

कास्त्रोच्या इस्पितळात, दुपारी सव्वातीनला,
दोन्या एदेल्मिराच्या शिरेतून सुई निसटली
आणि औषध भलतीकडेच गेलं, कातडीखाली.
"जळतंय रे," ती म्हणाली, मोठ्यानं नाही.
मी बटण दाबलं. यंत्र थांबलं. तोवर
कोपराशी फुगवटा, घट्ट, चकाकता.

मग उशीवर हात, छातीहून उंच.
फडक्यात गुंडाळलेला बर्फ. बोटं हलवा. चिमटा कळतो?
नाडी लागतेय. निळ्या पेनानं
सुजेभोवती मी काठ आखला, शेजारी वेळ लिहिली.

"बेट काढलंस," ती म्हणाली. "नाव काय ठेवतोस?"
मला माफी मागायची होती. मी बर्फ बदलला.
ती सांगत राहिली, बटाटे अजून जमिनीतच आहेत,
डावखुरी आहे ती,
आणि हा हात डावा.

साडेपाचला खिडकीबाहेर ओहोटी लागली,
खांबांवरच्या घरांचे पाय उघडे पडले.
सूज रेघेच्या आत बोटभर सरकली होती.
"रात्री बोटं बधिर झाली, कातडीवर फोड आले,
तर तडक या," मी बजावलं. दोनदा.

पुसायला बोळा घेतला तर तिनं हात मागे ओढला.
"राहू दे. नवऱ्याला दाखवते,
समुद्र कुठवर आला होता."