पंच क्रमांक दोन

मला पंच म्हणून बोलावलं,
कारण चौकच्या धक्क्यावर पहाटे साडेपाचला
मी आणि माझा बर्फ, दोघंच जागेवर होतो.
पंच क्रमांक एक शाळेचे शिपाई.
ते म्हणाले, सही करीन, बोलायला लावू नका.

बोट इनासची. माझ्या धाकटीचा धर्मपिता तो,
हे आधीच सांगून टाकलं.
कामगार खात्याच्या शेलारबाई म्हणाल्या,
उत्तनात नात्याबाहेरचा माणूस हवा
तर ठाण्याहून आणावा लागेल. लिहा.

हवालदाराचं अक्षर गोल.
'आम्ही पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की'
आणि मग जाळ्यांच्या ढिगावर बसलेले नऊ मुलगे,
एकाच्या पायात माझीच टाकून दिलेली चप्पल.

दीपक डिगल. बिनोद डिगल. सुकांत.
मंगरा टोप्पो, तोंडाने एकोणीस, मिशीने पंधरा.
कोणी कंधमालचा, कोणी गुमल्याचा,
समुद्र आधी एकानेही पाहिलेला नाही.
पनवेलला हॉटेलात काम, असं ठरलं होतं.
आईच्या हातात आगाऊ आठ हजार
आणि इनासकडून डोक्यामागे तीस.
मधले बावीस कुठे, हे हवालदाराने दोनदा विचारलं.
एजंटाने मोबाइलवर परवाना दाखवला :
नाव दुसऱ्याचं, मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली.
बाईंनी तो फोन घेतला तो पिशवीतच टाकला.

इनास खाली बघत म्हणाला,
गावची पोरं चढतात का आता बोटीवर?
मी पैसे मोजून आणलेत.
मोजून, हा शब्द त्याचा त्यालाच ऐकू आला असावा.
पुढे बोलला नाही.

आता माझं. हे कागदावर नाही.
ऑगस्टपासून बघत होते मी यांना.
लादी फोडताना एकाचा हात फाटला
तेव्हा हळद मीच दिली,
नाव नाही विचारलं.
इनासची जाळी, इनासचं इंजिन, तशी इनासची पोरं.
रविवारी बोट किनाऱ्याला असली
की दीपक धुतलेला शर्ट घालून
चर्चच्या बाहेरच्या पायरीवर उभा राहायचा,
शब्द त्याचे वेगळे, चाल आमचीच.
चांगला आहे गं पोरगा, असं वाटायचं.
एवढं वाटलं की मी घरी जायची.

दुपारी जीपने भाईंदरला, एजंटाच्या खोलीवर.
तांदळाच्या पिंपात, तांदळाखाली, बिस्किटांचा डबा.
आधार कार्डं, रबर लावून.
हवालदाराने मोजली. परत मोजली.
दहा.

लिहिलं त्याने : 'एक कार्ड जादा मिळून आले.'

जुनेश नायक. फोटोत कान मोठे.
मला आठवला. थंडीच्या पहिल्या वाऱ्यानंतर
धक्क्यावर दिसलाच नव्हता.
बोटीवर खलाशांची यादी नाही, बंदरात नोंद नाही.
ज्याचं नाव कुठे चढलंच नाही
त्याला खोडायला कोणाला काय लागतं?

सही करा, पुढे सरकवलं.
म्हटलं, 'जादा' काढा.
हवालदार बघत राहिला.
बारा वर्षं मापाने बर्फ विकते मी,
जादा काय आणि कमी काय, मला कळतं.
कार्ड जादा नाही हो. माणूस कमी आहे.

शेलारबाई काहीच बोलल्या नाहीत.
पेनाचं टोपण काढून माझ्याच हातात दिलं.

एक रेघ. वर नवीन ओळ.
खाडाखोडीशेजारी सही लागते, तशी लहान सही,
नाताल्या बस्त्याव मुनीस,
त्या अरुंद समासात जेवढी मावली तेवढी.

ठाण्याच्या कोर्टात तारीख पडली आहे, जूनमधली.
मुलांच्या नावाने मजुरीचा हिशेब निघालाय,
जुनेशच्या गावी पत्र गेलंय, उत्तर नाही.
इनास हल्ली बर्फ पालीहून नेतो.
दोन लाद्या रोज उरतात.
भुसा टाकून, गोणपाटात गुंडाळून ठेवते.
तरी पाणी होतंच.
मी तारीख पाठ करते.