पावती क्रमांक सदतीस

मगदूमशेठ, तुम्ही विचारलंत,
"बाई, पोरं डोंगरावर नेऊन यातनं निघणार काय?"
आणि पंख्याखाली फडफडणारा माझा अर्ज
पेपरवेटखाली सरकवलात.
पेपरवेट तुमच्याच भट्टीतलं,
बिडाचं, घासून गुळगुळीत केलेलं.

मी काही बोलले नाही.
चहावर साय धरेपर्यंत
पावतीपुस्तकाचा कोपरा दुमडत बसले.
तुमच्या अर्जात फलनिष्पत्तीला दीड ओळ आहे.
दीड ओळीत मसाई पठार मावत नाही.

तसं गेल्या वर्षीही झालंच की, तुमच्याशिवाय.
उद्यमनगरात एकानं दोनशे दिले
आणि दोन हजारांचा सल्ला.
चप्पल लाईनीतले खोतमामा म्हणाले,
"पैसं न्हाईत बाई, पण तुटलं की आणा, शिवून देतो."
तालमीतल्या वस्तादांनी चढायचा दोर दिला,
तीन पिढ्यांच्या घामानं काळा पडलेला.
देताना दोनदा ओढून बघितला,
मग माझ्याकडं बघितलं,
मग परत एकदा ओढला.
टेम्पोचं डिझेल मी 'किरकोळ'मध्ये लिहिलं.
नवऱ्याला तेही सांगितलं नाही.

राजेंद्रनगरातली तेवीस पोरं.
तनुजा घस्ते, सहावी ब,
पत्र्यावर चढली की पन्हाळा बघणारी,
निरभ्र दिवशी, रोज.
बारा वर्षांत तिथवर कुणी नेलं नव्हतं.
पठारावर पाय टाकला आणि थांबली.
"बाई, हे कुणाचं?"
कुणाचंच नाही म्हटलं. सगळ्यांचं म्हटलं.
दोन्ही तिला पटेना.
"मग हाकलायला कोण येतंय?"
कुणी येत नाही, म्हटल्यावर
तिनं एकदा मागं बघितलं,
आणि पळाली.
शेठ, नुसती पळाली.
तिच्या बोळात बारा पावलांवर वळावं लागतं,
तिथं वळायची गरजच नव्हती.
वाळलेल्या गवतातनं ती ठिपक्याएवढी झाली
आणि मी हाक मारायची विसरले.

हे कुठल्या रकान्यात लिहू?

आणि दुसरं एक. त्याचं नाव सांगत नाही,
जे सांगेन ते खोटं सांगेन.
त्याच्या पायात मोठ्या माणसाचे बूट होते,
पुढं लोखंडी टोपी, आत कोंबलेला पेपर.
चढताना टाच सोलून निघाली,
तरी काढायला तयार नाही.
रात्री होकायंत्र हातात दिलं, तर
सगळ्यांनी उत्तर शोधली,
यानं कोल्हापूर शोधलं.
"आग्नेय," म्हणाला.
पाटीवर लिहून दिलेला कोरडा शब्द,
तिथं अंधारात पहिल्यांदा
त्याच्यात आग आहे हे मला कळलं.
खाली दिव्यांचा चुरा पसरलेला.
"त्यो तांबडा दिवा हाय न्हवं, तिथं शिरोलीत
पप्पा रातपाळीला हायत."
मग बुटावरची माती बोटानं काढत,
"सकाळच्याला परत द्याचंत. त्यांस्नी एकच जोड हाय."

शेठ, मी तेव्हा थंडीनं कुडकुडले असं पोरांना वाटलं.

त्या रात्री तुमच्या भट्टीसमोर,
पातळ लोखंड साच्यात ओतलं जात असताना,
एक माणूस स्लिपर घालून उभा होता.
का, ते तुम्हाला सांगितलं तर
दुसऱ्या दिवशी त्याला गेटवर थांबवाल.
नाही सांगितलं तर
यातनं निघणार काय, विचारत राहाल.
म्हणून चहा गार झाला.

शेवटी तुम्ही पाच हजार दिलेत. आभार.
फोटोत कंपनीचा बोर्ड दिसावा म्हणालात, दिसेल.
पावती फाडली, क्रमांक सदतीस, सही केली.
अंदाजपत्रकात वरून तिसरी ओळ होती,
'बूट, लहान मापाचे, जोड तेवीस'.
तिच्यावर तुम्ही लाल पेनानं आडवी रेघ मारलीत,
"चपलांवर चढत न्हाईत व्हय पोरं?"

चढतात की.

मी सोमवारी परत येते.
तीच ओळ परत लिहून आणते, ठळक.
तेवढं ते पेपरवेट
आधीच उचलून ठेवा.