अर्धं सूत

हात धुऊन ये आधी, येस्टिन.
चिप्सचं तेल लाकूड विसरत नाही.

काळं हवंय म्हणतोस, चकचकीत,
टीव्हीवर दिसतं तसं.
मिळेल. मुठीपाशी, वर चार सुळके काढून.
पण आबनुसाचं काम एवढंच,
मागे बसून वजन द्यायचं,
क्लबातल्या म्हाताऱ्यांसारखं.
बॉलला जाऊन भिडतं ते पुढचं लाकूड,
आणि ते नटूनथटून येत नाही.

हे मेपल. गोरं, गुळगुळीत, अबोल.
डोळ्याला लावलंस तरी अंगावर काही लिहिलेलं नाही.
काहींना तेच आवडतं,
नेम धरताना मध्ये कुणी बोलू नये.

ही ॲश. माझी आई हिला ऑनेन म्हणायची.
बघ, टोकाकडे निघालेले बाण,
एकामागे एक.
नख फिरव. लागतात ना?
माझ्या बापाच्या फावड्याचा दांडा हिचाच होता,
खाण बंद झाली त्या दिवशी तो खांद्यावर टाकून
घरी आला, आणि कोपऱ्यात उभा केला.
फावड्याला, की स्वतःला,
आम्हाला कळलं नाही.

आता वरच्या रस्त्याला जी उरलीत
त्यांच्या बुंध्यांवर कौन्सिलने तांबडे ठिपके मारलेत.
बुरशी आहे म्हणे, वाऱ्यावरून येते,
शेंड्यापासून खाली वाळवत नेते.
ही फळी त्याच्या आधीची. सहा वर्षं माळ्यावर.
थोडं तासायचं, टांगायचं, विसरून जायचं.
परत थोडं.
घाई केलीस तर लाकूड सूड घेतं,
आज नाही,
नोव्हेंबरात, हॉलमधले हीटर लागले की.

कान दे इकडे.
खण्ण. ही बोलते.
थप्. हिच्या पोटात अजून ओल आहे,
वरून केवढी सोज्वळ.
गाठ नको. पीळ तर नकोच नको,
जाळलीस तरी राखेत दिसेल.

*

सतरा फळ्या मांडल्या होत्या मी बाकावर.
म्हटलं, डोळे मिट आणि उचल.
पोरानं चाचपून चाचपून नेमकी ती उचलली
जी मी शेगडीसाठी बाजूला ठेवली होती,
चुकून पाठीमागे राहिलेली.
बुडाशी रेषा वळलेल्या,
झाड उजेडाकडे झुकलं असणार
लहानपणीच कधीतरी.

नाही म्हणालो. दोनदा.
तिसऱ्यांदा रंधा हातात घेतला.
वळण आबनुसाखाली झाकलं,
अठ्ठावन्न इंच, साडेसतरा औंस,
आणि पैसे अर्धेच घेतले, माझ्या शब्दासाठी.

दोन आठवड्यांनी दारात उभा.
काळा बॉल सोडला होता, भोकाच्या तोंडावरचा,
सगळ्या ट्रेओर्कीसमोर.
"लाकूड वाकडं आहे, ग्विलिम."
मी क्यू टेबलावर लोळवली.
सुतासारखी सरळ.
अंगण वाकडं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत,
काही बोललो नाही. खडूची पेटी दिली,
नवी, निळी. तो तसाच गेला.

मग हिवाळा. हीटर लागले.
फेब्रुवारीत टिप बदलायला आला तेव्हा
सवयीनं एक डोळा मिटून पाहिलं मी,
आणि पोटात धस्स झालं.
मध्यापासून पुढे, डावीकडे,
अर्धं सूत.

ठेवून जा, म्हटलं. नवी करून देतो, फुकट.
त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली,
हळू, झोपलेलं मूल घेतात तशी.
"माहीत आहे मला.
डिसेंबरपासून माहीत आहे.
बाण वर ठेवले की ती कुठे जाते ते कळतं."

टिप लावली. तासली. लाळेचं बोट फिरवलं कडेनं.
तो गेला, चढावरून, केस पाठीला लावून.

सोळा फळ्या राहिल्या बाकावर,
सगळ्या सरळ.
दुकान बंद करण्याआधी
मी एकेकीवर टिचकी मारत गेलो.