शेजारीण

पाषाणची प्रयोगशाळा, रात्री सव्वानऊ.
तरन्नुम बागवान डोळा न उचलता म्हणते, ये, बघ.
उंदराच्या आतड्याचा काप,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
हजार पेशी काळोखात नुसत्या बसलेल्या,
त्यांत एखादीच हिरवी.
घास आला की ही रक्तातून सांगावा धाडते:
भरत आलंय, हात आवर.

आणि ही तांबडी.
हिला बुडाशी शेपूट फुटलंय,
शेजारणींच्या पायांमधून सरपटत
थेट हिरवीच्या कुशीला टेकलेलं.
एवढ्याशा कामाला रक्ताची वाट कशाला,
कोपरानं ढोसते फक्त:
बास, किती बोलशील.

आणि ऐक, तरन्नुम म्हणते,
हिरवी बोलायला लागली
की तांबडीला जाग येते.
म्हणजे हिला गप्प करणारी
हिच्याच हाकेला ओ देत येते.

दहाला सुतारवाडीच्या मेसमध्ये
मी ताटावर आडवा हात धरला
तरी अनुसयाबाईंची पळी वाकलीच.
ओट्यापाशी पाठमोरी सून,
मागे न बघता म्हणाली,
आत्या, राहू द्या त्यांना.
पळी थांबली.
आमटीचा एक थेंब माझ्या मनगटावर.

माझं पोट भरलंय की नाही
हे मला अजून
कुणी कळवलं नव्हतं.