निशाणी सत्तावीस

दर डिसेंबरात विम्याचे कामेरकर
एक डायरी देऊन जातात. रेक्झिनचं कव्हर, वर रिबन.
दर जानेवारीत मी नऊ तारखेपर्यंत पोचते.
एकदा तेवीसपर्यंत. त्या वर्षी पाय मोडला होता.

कारणं काय कमी शोधली?
मन मोकळं होतं म्हणे. माझं झालं नाही,
रात्री साडेदहाला दिवसभराचं सगळं
पुन्हा एकदा भरून आलं, इतकंच.
अक्षर सुधारेल. कुणासाठी?
मागे काही राहील. माझ्या मागे एक भाचा, मेलबर्नला,
त्याला मराठी वाचता येतं ते दुकानाच्या पाटीइतकं.

धोबी तलावाच्या लघुवाद न्यायालयात
अठ्ठावीस वर्षं मी लोकांचं म्हणणं उतरवते.
लघुलिपीत स्वर गाळायचे असतात,
रेघ ओळीच्या वर की खाली
यावरून ज्याचे त्यानं ओळखायचे.
दिवसातून दोनशेदा मी 'मी' लिहिते:
मी शपथेवर सांगतो की, मी सदर खोलीत,
मी भाडं मनिऑर्डरनं, मला आठवत नाही.
त्यातला एकही मी माझा नसतो.

मार्चमधली गोष्ट.
प्रतिवादी रिबेका सॉलोमन अष्टमकर, वय चौऱ्याहत्तर,
राहणार माझगाव, दुसरा मजला, खोली अकरा.
राहणार की नाही, हाच तर दावा होता.
मालकाचे वकील म्हणाले, चार वर्षं तुम्ही तिथं नव्हताच,
लेकीकडे ठाण्याला होता. दाराला कुलूप होतं.
बाईंनी कापडी पिशवीतून वह्या काढल्या,
शंभरपानी, मागे पाढे छापलेल्या.

वाचा, साहेब म्हणाले.
बाई वाचत गेल्या, मी उतरवत गेले:
पाणी चार चाळीसला आलं. बादली गळते.
जिन्याखाली मांजर व्याली, तीन पिल्लं, एक आंधळं वाटतं.
वरच्यांकडे भांडण, मग भजी तळल्याचा वास.
आज कुणी आलं नाही.

इथं माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं.
मीच दाबली असणार.
त्या वाक्यात इतकी जाड रेघ कुठंच नव्हती.

वकिलांनी पानं उलटली. दर सातवी तारीख कोरी.
या दिवशी कुठं होता?
'शनिवार आहेत ते. शब्बाथला आम्ही लिहीत नाही.'
मग जरा थांबून,
'पण शनिवारीपण मी तिथंच होते, भाऊ.
लिहिलं नाही म्हणून कुठं जाते मी?'

वह्यांवर निशाणी सत्तावीस पडली.
निकाल मी नंतर विचारला नाही.
अपील तर होणारच होतं.

संध्याकाळी ठाकूरद्वारापर्यंत चालत आले.
वाटेत तेच वकील माझ्या शेजारून चालत होते,
म्हणजे तसं वाटत राहिलं:
बाई, ही अठ्ठावीस वर्षं
तुम्ही स्वतःच्या आयुष्यात राहत होता का?
आम्हाला तर कुलूप दिसलं.
माझ्याकडे दाखवायला काय?
लाइटची बिलं, पासबुक,
आणि माळ्यावर नऊ-नऊ दिवसांच्या जानेवाऱ्या.

जेवण झाल्यावर डायरी काढली.
बोटं सवयीनं लघुलिपीत गेली. ते खोडलं.
मग सावकाश, काही न गाळता,
दुसरी वेलांटी नीट वरून खाली आणत:
मी.
पुढे बराच वेळ काही नाही.
खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

मी आज चालत आले. डावी चप्पल चावते.
दुधीला चव नव्हती, तरी खाल्ला.
आज कुणी

एवढं लिहून थांबले. खोटी साक्ष नको.
दुपारी कँटीनचा पोरगा आला होता की,
न मागता आल्याचा चहा घेऊन, म्हणाला, बाई, दमलात.
त्याचं नाव मला ठाऊक नाही. उद्या विचारीन.

स्कूटर लागली.