बारीक अक्षर

कुडचड्यात, पुलाच्या अलीकडे माझं दुकान.
पोदेराचा भोंपू गल्लीच्या टोकाला वळला की मी शटर उचलते.
पहिलं गिऱ्हाईक बहुधा दुखणंच असतं,
माणूस त्याच्या मागून येतो.

कायतान तसाच आला.
तेवीस वर्षं बार्जीवर, खनिजाच्या धुळीत नखांपर्यंत लाल.
बार्ज कधीच बंद पडली,
कणा मात्र अजून माल वाहतो.
काउंटरवर त्यानं रिकामं पाकीट ठेवलं, चुरगळलेलं, चंदेरी.
"हेंच जाय, बाय. दुसरें नाका."

ते संपलं होतं.
दुसऱ्या कंपनीचं होतं, निम्म्याहून कमी पैशांत.
डॉक्टरांची चिठ्ठी बघून मी त्याला दाखवलं:
वरचं ठळक नाव विकण्यासाठी असतं,
खालचं बारीक अक्षर औषधाचं.
दोन्हीकडे ट्रामाडॉल. मिलिग्रॅमही तेवढेच.
बार्जीला मालक बदलला की नवा रंग, नवं नाव,
पोटात खनिज तेच की नाही?
तो हसला. बार्जीचं त्याला पटलं.

रजिस्टरात नोंद केली. सांगायचं ते सांगितलं:
लिहिलीय तेवढीच, लिहिलीय त्या वेळेलाच.
दुखलं म्हणून आपल्या मनानं वाढवायची नाही.
झोपेची गोळी नको, दारू नको,
शेजाऱ्याची कंबर धरली तरी त्याला द्यायची नाही.
एवढं सांगितलं.
घरी जुन्या उरल्यात का,
हे विचारलं नाही.

उरल्या होत्या. आल्तारीच्या खणात, मेणबत्त्यांजवळ, सहा.
त्याला वाटलं, दोन औषधं:
एक पाठीचं, एक पायात उतरणाऱ्या कळेचं.
रात्री दोन्ही घेतली. वर पुतण्याच्या वाढदिवसाची
अर्धा पेला फेणी.

आवेलिना सांगत होती, पाय घोरत होता,
मग घोरणं थांबलं
आणि एक मोकळी जागा आली.
ती अंधारात मोजू लागली, सात, आठ, नऊ,
आणि मग श्वास.
परत मोकळी जागा.
हाक मारली, हलवलं, तो उठेना.
एकशे आठ. मडगाव.

तो वाचला. हे आत्ताच सांगून टाकते,
उगाच कुणी शेवटाची वाट बघायला नको.

तिसऱ्या दिवशी ती दोन्ही पाकिटं घेऊन आली.
भांडेल म्हणून मी तयार होते.
तिनं ती काउंटरवर शेजारी शेजारी लावली
आणि नुसतं म्हणाली,
"ताचो चश्मो फुटला. दोन म्हयने जाले."

मी केवढं सोपं करून सांगितलं होतं.
बार्जीचं उदाहरण दिलं होतं, स्वतःवर खूश होऊन.

आता काउंटरवर काळा मार्कर असतो.
प्रत्येक पाकिटावर औषधाचं नाव मी हातानं मोठं लिहिते,
हव्या त्या लिपीत, देवनागरी नाहीतर रोमी,
आणि विचारते, घरात काय काय आहे? सगळं घेऊन या.
लोक वैतागतात. रांग वाढते.
एक म्हातारी परवा म्हणाली, तूं पुलीस काय गो?

कायतान नव्या चष्म्यातून येतो.
डॉक्टर गोळ्या हळूहळू कमी करतायत,
पाठ कमी दुखत नाही, असं तोही सांगतो, तक्रार नसल्यासारखं.
बिस्किटांच्या डब्यातून उरलेल्या काढून माझ्यापुढे ठेवतो.
मग नवं पाकीट उजेडाकडे धरतो
आणि धुक्यातून समोरच्या बार्जीचं नाव वाचावं
तसा, डोळे बारीक करून,
एकेक अक्षर.

मागची माणसं थांबतात.
मीही.